खळग्यांना नाव नाही

पहाटे पावणेसहाला राजाराम तलावावर
चौघी बोट खांद्यावर घेतात:
रेश्मा बागवान, सुलक्षणा हुजरे, मगदूमांच्या जुळ्या.
मी मागून, सुकाणूची दोरी सांभाळत.
वजन चव्वेचाळीस किलो, आवाज दुप्पट.
मी कॉक्स.

परवा तोंडी परीक्षा आहे, ज्युनियर कोचची.
म्हणून वहीत शब्द, आणि समोर अर्थ.

कॅच. पातं पाण्यात शिरतं तो क्षण.
सुभेदार भोकरेसर म्हणतात, पकड. तालमीतलीच.
आधी धर, मग ओढ.
ओढत ओढत धरायला गेलीस
की पाणी गेलं निसटून.

ड्राइव्ह. हातानं नाही, मांडीनं.
हे सुलक्षणाला शिकवावं लागलं नाही.
गंगावेशीत चार म्हशींच्या धारा काढून येते ती,
मांडीत चरवी घट्ट धरून.

फेदर. परतताना पातं आडवं, वाऱ्याला अडू नये म्हणून.
अर्थ: पीस.
बारा फुटी वल्ह्याला कुणी पीस म्हणतं का!
पण मनगट वळलं की
काहीतरी खरंच हलकं होतं.

क्रॅब. खेकडा.
म्हणजे वल्हं पाण्यात अडकतं
आणि मूठ उलटी येऊन पोटात बसते.
रेश्मानं पहिल्या आठवड्यात अकरा पकडले.
"रस्सा करूया गं," बरगडी चोळत म्हणाली,
"कंटाळलो मी."

ईझी ऑल. थांबा.
हा मला सगळ्यात उशिरा आला.
चौघी माझ्याकडे तोंड करून बसलेल्या,
पुढचं दिसणारी मी एकटी,
आणि थांबा म्हणायचीच भीती.
एकदा म्हणाले नाही. बोट बांधाच्या दगडाला घासली.
सर रागावले नाहीत.
हातात सँडपेपर दिला. तीन दिवस पुरला.

रविवारी बाबा आले, कुरुंदवाडहून, पहिल्या एसटीनं.
घाटावर त्यांची नाव आहे, डांबर लावलेली.
आल्या आल्या चपला काढल्या;
पाण्याजवळ चपला घालत नाहीत ते.
बोटीकडे बघून म्हणाले,
"समद्या पाठ करून जात्यात व्हय?"
मी म्हटलं, पाठच करतेय, आणि वही दाखवली.
हसले नाहीत.
"आम्ही उभं ऱ्हातो. म्होरं बघतो."
"मी बघते की, चौघींच्या वाटचं."
"मग हरकत न्हाई."

एका शब्दापुढं जागा कोरी होती.
पडल. पातं निघून गेल्यावर
पाण्यात मागे फिरत राहतं ते.
भोवरा म्हणावं, तर बुडवेल असं वाटतं.
डबकं म्हणावं, तर वास येतो.
सरांनाही सुचेना,
फौजेत सगळे पडलच म्हणायचे म्हणे.
"बाबा, तुमच्यात काय म्हणतात?"
"त्ये? खळगा."
मग जरा थांबून, "न्हाई. तसं नाव न्हाई त्याला.
मिटतंय की लगीच. मिटत्याला नाव कशाला?"

आम्ही पाण्यात उतरलो.
दोन फेऱ्या, विद्यापीठाच्या अंगाला वळून परत.
मी ओरडत होते: बो साइड, उशीर! सीट सावकाश!
काठावरून बाबा चालत होते अनवाणी,
एक हात पाठीशी,
आमच्याकडे नाही, आमच्या मागच्या पाण्याकडे बघत.

स्टँडवर गाडी लागली.
खिडकीतून म्हणाले,
"जाताना खळग्याखळग्यात नऊ हात हुतं.
येताना सात.
दमल्या पोरी. डाव्या अंगाची मागली तर लईच."

मगदूमांची ती, सहा मिनिटांनी धाकटी.
रात्रीपासून ताप होता तिला.
कुणालाच सांगितलं नव्हतं,
थोरलीलाही नाही.
मला, समोर बसून, दिसला नव्हता.

गाडी हलली.
तिथंच बाकावर वही उघडली
आणि कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं:
नऊ. सात.